जिम तात्पुरती बंद झाली, तर फी भरत राहायची का? नव्या सभासदांसाठी पायरीपायरीने

दारावर ‘नूतनीकरणासाठी काही दिवस बंद’ असा कागद, खाली ना तारीख ना फोन नंबर. आणि संध्याकाळी मोबाइलवर मेसेज, की पुढच्या महिन्याची फी खात्यातून कापली जाणार आहे. पहिल्यांदाच जिम लावलेला माणूस इथे गोंधळतो. फी थांबवली तर मेंबरशिप जाईल का? भरत राहिलो तर पैसे बुडतील का? वर्षाची फी आधीच भरून झाली असेल तर ती मागायची कुणाकडे?

करोनाच्या काळात आणि नंतर आमच्या भागातली जिम दुरुस्तीच्या नावाखाली बंदच राहत गेली तेव्हा, अशी दोनदा मी यातून गेले आहे. ऑफिसातली नवी मुलं अजूनही हेच प्रश्न घेऊन येतात, म्हणून सगळं एका जागी लिहून काढतेय.

माझं मत आधीच सांगते. जी सेवा मिळतच नाही, तिचे पैसे मागण्याचा हक्क जिमला सहसा नसतो. पण काही न कळवता गुपचूप पैसे थांबवणं हा सगळ्यात वाईट मार्ग. आधी लिहून कळवा, मग थांबवा. आणि फी जर कर्जाच्या हप्त्यावर भरत असाल, तर तिसरी पायरी वाचल्याशिवाय काहीही करू नका.

पायरी १ : बंद का आहे, ते आधी शोधून काढा

पुढचं सगळं या एका उत्तरावर अवलंबून आहे, म्हणून इथे दोन दिवस गेले तरी चालतील.

सरकारी आदेशाने बंद असेल तर दोष मालकाचा नसतो. २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांमधल्या जिम १३ मार्चच्या मध्यरात्रीपासून बंद झाल्या. केंद्राने ५ ऑगस्टपासून परवानगी दिली, पण आपल्या राज्यात दारं उघडली ती २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी. म्हणजे सात महिन्यांहून जास्त काळ. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा कुलूप लागलं. जानेवारी २०२२ मध्ये तर आधी पूर्ण बंदचा आदेश आला आणि दुसऱ्याच दिवशी तो बदलून निम्म्या क्षमतेने, लस घेतलेल्यांसाठी परवानगी मिळाली. असे आदेश बदलत राहतात, म्हणून ‘किती दिवस’ हे मालकालाही ठाऊक नसतं. पुराचंही तसंच. २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगलीत पंचगंगा-कृष्णेचं पाणी ज्यांच्या तळमजल्यात शिरलं, त्यांच्या ट्रेडमिलच्या मोटारी गाळाने गेल्या. पाणी ओसरलं म्हणजे जिम सुरू झाली असं होत नाही.

दुरुस्ती, नवी मशिनं, जागा बदलणं हा मालकाचा स्वतःचा निर्णय. इथे तारीख मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तिसरा प्रकार जरा अवघड. भाडं थकलं म्हणून जागामालकाने कुलूप घातलं, वीज तोडली, अग्निसुरक्षेची पूर्तता नाही म्हणून सील लागलं. अशा वेळी कागदावर ‘मेंटेनन्स’ एवढंच लिहिलेलं असतं. खरी बातमी वॉचमन, शेजारचा झेरॉक्सवाला आणि खालचा चहावाला यांच्याकडे मिळते.

आणि चौथा, जिम कायमचीच जाणार असते, फक्त सांगितलेलं नसतं. त्याच्या खुणा ओळखता येतात. ट्रेनर एकेक करून दुसरीकडे लागतात. बिघडलेली मशिनं दुरुस्त व्हायची थांबतात. पाण्याचे जार येणं बंद होतं. काउंटरवरच्या मुलीचा पगार दोन महिने झालेला नसतो आणि ती हळूच ते बोलून जाते. याच सुमारास ‘दोन वर्षांची फी भरा, तिसरं वर्ष मोफत’ अशी ऑफर येते. ही ऑफर दिसली की सावध व्हा. नाव मोठं आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. १९३२ पासून मुंबईत नाव असलेल्या तळवलकर्सच्या कंपन्यासुद्धा २०१९ मध्ये कर्जफेडीत अडकल्या आणि पुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेल्या.

पायरी २ : कागद गोळा करा, आजच

बंद झालेल्या जिमचा व्हॉट्सअॅप ग्रुप एखाद्या रात्री अचानक डिलीट होतो, अॅपमधलं खातं दिसेनासं होतं. म्हणून हे सगळं पहिल्याच दिवशी एका फोल्डरमध्ये टाका:

- फीची पावती किंवा बिल. बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर तो सोन्यासारखा जपा.
- सभासदत्वाच्या फॉर्मचा फोटो, मागच्या पानासकट. अटी मागेच बारीक अक्षरात असतात.
- पैसे दिल्याचा पुरावा : यूपीआयचा व्यवहार क्रमांक, बँक स्टेटमेंटची ती ओळ, कार्डाची स्लिप.
- पर्सनल ट्रेनिंग वेगळं घेतलं असेल तर त्याची स्वतंत्र पावती आणि किती सेशन झाले, किती उरले याची नोंद.
- लॉकरचं डिपॉझिट भरलं असेल तर त्याची चिठ्ठी.
- दारावरच्या कागदाचा फोटो. मोबाइलमध्ये तारीख-वेळ नोंदली जाते, तोच तुमचा ‘बंद कधीपासून’ याचा पुरावा.
- ग्रुपवरचे मेसेज, अॅपमधली हजेरी आणि मुदत संपण्याची तारीख, यांचे स्क्रीनशॉट.

जीएसटी क्रमांक का जपायचा? दारावर ‘अमुक फिटनेस’ अशी पाटी असते, पण पैसे जातात भलत्याच नावाच्या प्रोप्रायटरकडे किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीकडे. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर करदाता शोधायची सोय आहे. तिथे क्रमांक टाकला की कायदेशीर नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, ते कळतं. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो, गोव्यातला ३० ने. फ्रँचायझी असेल तर हे नाव फारच महत्त्वाचं, कारण मुख्य ब्रँड हात वर करतो आणि ‘ती शाखा आमची नाही’ म्हणतो. तक्रार करायची वेळ आली तर दोघांनाही पक्षकार करायचं.

रोख पैसे दिले आणि पावती घेतली नाही, असं झालं असेल तर निदान मेसेजवर कबुली मिळवा. ‘सर, मी जूनमध्ये दिलेले सहा हजार कुठपर्यंत धरलेत?’ असा साधा प्रश्न विचारा. ‘डिसेंबरपर्यंत’ असं उत्तर आलं की पुरावा तयार झाला.

पायरी ३ : पैसे कोणत्या वाटेने जातात, ते बघा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

*दर महिन्याला हाताने भरता :* सोपं आहे. भरू नका, पण पायरी ४ मधला मेसेज आधी पाठवा.

*ऑटोपे किंवा बँकेची स्थायी सूचना :* यूपीआय ऑटोपे असेल तर तुमच्या अॅपमध्ये ऑटोपेचा विभाग असतो. त्यात जिमचं मॅन्डेट (ठरलेली रक्कम आपोआप कापायला तुम्ही दिलेली परवानगी) उघडा आणि रद्द करा किंवा सोय असल्यास काही काळ स्थगित करा. पिन टाकून काम होतं, जिमची परवानगी लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्ड किंवा यूपीआयवरून अशी ठरलेली रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका. बँक खात्यावर नॅचचं (खात्यातून थेट हप्ते वळते करणाऱ्या बँकांच्या यंत्रणेचं) मॅन्डेट असेल तर ते रद्द करायला बँकेत अर्ज द्यावा लागतो किंवा नेट बँकिंगमधून विनंती करावी लागते. त्याला काही दिवस लागतात, म्हणून कापायच्या आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही.

इथे एक सापळा आहे. बरेच जण मॅन्डेट रद्द न करता खातंच रिकामं ठेवतात. असं कधीही करू नका. बँक दर वेळी दंड लावते तो वेगळाच, पण शिल्लक नसल्याने इलेक्ट्रॉनिक मॅन्डेट परत जाणं हा २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हा ठरू शकतो, चेक न वटण्यासारखाच. मॅन्डेट रीतसर रद्द करणं वेगळं आणि खात्यात खडखडाट ठेवणं वेगळं. पुढच्या तारखांचे चेक दिले असतील तर ते लेखी मागणी करून परत घ्या.

*वर्षाची फी एकदम भरली :* थांबवण्यासारखं काही उरलेलं नाही, तुमचा प्रश्न मुदतवाढ की परतावा एवढाच आहे. पायरी ५ वर जा. क्रेडिट कार्डाने भरले असतील आणि जिम उघडण्याची चिन्हं नसतील, तर सेवा मिळाली नाही या कारणासाठी बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरचा तो व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो. त्याला मुदत असते, म्हणून आधी बँकेला फोन करून मुदत विचारा. ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणत थांबलात तर ती निघून जाते.

*नो-कॉस्ट ईएमआय :* इथे नीट लक्ष द्या. काउंटरवर आधार-पॅन घेतलं, ओटीपी आला, ‘फक्त एक हजार रुपये महिना’ असं सांगितलं, तर तुम्ही जिमला हप्ते देत नाही आहात. एका वित्तसंस्थेने तुमच्या नावावर कर्ज काढून जिमला पूर्ण रक्कम पहिल्याच आठवड्यात देऊन टाकली आहे. जिमला कुलूप लागलं तरी तुमचं कर्ज चालूच राहतं. हप्ता चुकला की दंड लागतो, वसुलीचे फोन येतात आणि सिबिल स्कोअर पडतो. दोन वर्षांनी गृहकर्ज घ्यायला जाल तेव्हा हे आठवेल. म्हणून हप्ता भरत राहा आणि एकाच दिवशी दोन पत्रं पाठवा. जिमला लिहा की उरलेल्या मुदतीची रक्कम वित्तसंस्थेला परत करून कर्ज बंद करून द्या. वित्तसंस्थेला लिहा की विक्रेता सेवा देत नाही, कर्ज रद्द करण्याबाबत त्याच्याशी संपर्क साधा. वित्तसंस्थेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

२०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट कर्जहप्त्यांना रिझर्व्ह बँकेने सवलत दिली होती, तेव्हा अनेकांना वाटलं की तेवढे हप्ते माफ झाले. ते फक्त पुढे ढकलले होते आणि व्याज चालूच होतं. पुन्हा कधी अशी सवलत आली तर हे विसरू नका.

*सोसायटीची किंवा क्लबची जिम :* मेंटेनन्सच्या बिलातून जिमचा वाटा परस्पर वजा करू नका. थकबाकीदार ठराल आणि त्यावर व्याज लागेल. जिमची फी वेगळी घेत असतील तर कमिटीला पत्र द्या, नाहीतर सर्वसाधारण सभेत विषय मांडा.

पायरी ४ : लिहून कळवा

फोनवर सगळे गोड बोलतात. ‘अहो मॅडम, तुमचे दिवस कुठे जातायत, लावून देतो ना!’ हे वाक्य सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही, कारण तोवर मॅनेजर बदललेला असतो. ईमेल आणि व्हॉट्सअॅप, दोन्हीवर हा मजकूर पाठवा. गाळलेल्या जागा भरा:

> नमस्कार,
> मी आपल्या ____ शाखेची सभासद असून माझा सभासद क्रमांक ____ आहे. मी दि. ____ रोजी ____ महिन्यांसाठी रु. ____ भरले आहेत. मुदत दि. ____ पर्यंत आहे. जिम दि. ____ पासून बंद आहे.
> १) बंद काळातले सर्व दिवस माझ्या मुदतीत विनाशुल्क वाढवून द्यावेत आणि नवी तारीख लेखी कळवावी.
> २) बंद काळात माझ्या खात्यातून रक्कम कापू नये. मी कपातीची सूचना थांबवत आहे. मी सभासदत्व सोडत नसल्याने जिम सुरू झाल्यावर पुन्हा प्रवेश फी लागू होणार नाही.
> ३) जिम दि. ____ पर्यंत सुरू न झाल्यास उरलेल्या मुदतीची रक्कम परत करावी.
> कृपया सात दिवसांत उत्तर द्यावे.

यातला दुसरा मुद्दा अजिबात गाळू नका. मॅन्डेट रद्द झालं की काही जिमच्या सिस्टिममध्ये तुमचं नाव ‘सोडून गेले’ या यादीत जातं आणि परतल्यावर प्रवेश फी पुन्हा मागितली जाते. तिसऱ्या मुद्द्यात तारीख टाकणंही तितकंच गरजेचं. दुरुस्तीसाठी बंद असेल तर मी साधारण दीड-दोन महिन्यांनंतरची तारीख लिहायला सांगते. सरकारी आदेश असेल तर ‘आदेश उठल्यापासून १५ दिवस’ असं लिहा.

भाषा सौम्यच ठेवा. पुढे हा कागद ग्राहक आयोगासमोर गेला तर तुम्ही समंजसपणे वागलात हे त्यातून दिसायला हवं.

पायरी ५ : मुदतवाढ घ्यावी की पैसे परत मागावेत?

जिम पुन्हा उघडेल अशी खात्री वाटत असेल, तर मुदतवाढ घ्या. भांडण नाही, कर नाही, हिशेब नाही. फक्त घेताना काही गोष्टी तपासा. दिवस बंद झाल्या तारखेपासून मोजले आहेत की मेसेज टाकल्या तारखेपासून? ‘सगळ्यांना सरसकट एक महिना’ असं जाहीर केलं असेल आणि जिम अडीच महिने बंद असेल, तर उरलेला दीड महिना मागा. तुमचे स्वतःचे फ्रीजचे दिवस यात खर्च होत नाहीत ना? बऱ्याच मेंबरशिपमध्ये आजारपण किंवा गावी जाण्यासाठी वर्षाला ठरावीक दिवस मिळतात. जिम स्वतः बंद असताना ते तुमच्या खात्यातून कापून घेणं चुकीचं आहे. जिमने दार बंद केलं असताना तुमच्याकडे डॉक्टरचं प्रमाणपत्र मागत असतील, तर तेही देण्याची गरज नाही. आणि पर्सनल ट्रेनिंगच्या सेशनची मुदत वेगळी असते, ती वेगळी वाढवून घ्या.

‘आमच्या दुसऱ्या शाखेत या’ असं सांगितलं तर नकाशावर किलोमीटर बघू नका, तुमच्या नेहमीच्या वेळेला एकदा प्रत्यक्ष जाऊन या. पुण्यात संध्याकाळी सात वाजता सहा किलोमीटर म्हणजे काय, ते पुण्यातल्या माणसाला सांगायला नको. जमत नसेल तर तसं लिहून नकार द्या. नाहीतर ‘पर्याय दिला होता, तुम्हीच आला नाहीत’ हे उत्तर तयार असतं.

परतावा मागायचा असेल तर हिशेब तुम्ही करून द्या, त्यांच्यावर सोडू नका. उदाहरण घेऊ. वर्षाची फी १२,००० रुपये, आणि एकेक महिना भरणाऱ्याला तीच जिम १,८०० रुपये घेते. तुम्ही पाच महिने वापरली आणि मग बंद झाली. सरळ हिशेबाने महिन्याला १,००० प्रमाणे ५,००० वापरले, ७,००० परत. पण काउंटरवरचा हिशेब वेगळा असतो : ‘पाच महिने गुणिले १,८००, म्हणजे ९,००० झाले, तुमचे ३,००० उरले.’ हे ऐकून लोक गप्प बसतात. सवलत काढून घ्यायची ही पद्धत सभासद स्वतःहून मध्येच सोडून जातो तेव्हा एकवेळ समजू शकते. इथे तुम्ही सोडलेलं नाही, त्यांनी बंद केलं आहे. ७,००० वर ठाम राहा.

बिलावर जीएसटी लागला असेल तर परताव्यातही तो त्याच प्रमाणात मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवेवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. तुम्ही त्याआधी १८ टक्क्यांनी भरला असेल तर तुमचा हिशेब जुन्याच दराने होईल.

‘फी परत मिळणार नाही’ असं फॉर्मवर छापलंय, मग काय? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, सदोष सेवा दिल्यावर पावतीत दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत करायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. बिल न देणंही त्यातच येतं. छापील ओळ दाखवून जिम तुम्हाला काउंटरवरून परत पाठवू शकते, ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद करू शकत नाही.

पायरी ६ : कुठे मात्र भरत राहावं

इथे मला कायद्यापलीकडचं थोडं बोलायचं आहे, कारण सगळ्या जिम एकाच मापाने मोजता येत नाहीत.

तालमीचं बघा. कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबागेसारख्या तालमीत, पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या तालमींमध्ये, खर्च दार लावलं म्हणून थांबत नाही. आखाड्यातली लाल माती खणून, वरखाली करून जिवंत ठेवावी लागते. त्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालावं लागतं. महिनाभर हात लावला नाही तर ती दगडासारखी कडक होते आणि त्यावर पोरांना उतरवता येत नाही. करोनात जत्रांची मैदानं थांबली तेव्हा वस्तादांनी एकट्याने हे काम केलं. अशा ठिकाणची फी मुळात नाममात्र असते. ती बंद करून तुमची बचत शंभर-दोनशेची, तालमीचं मात्र कंबरडं मोडतं. ऐपत असेल तर भरा. जमलं तर थोडी जास्तच भरा.

गल्लीतली एका माणसाची जिमही याच्याच जवळची. मालक, ट्रेनर आणि झाडू मारणारा एकच. मशिनं कर्जावर घेतलेली, जागा भाड्याची, विजेच्या बिलातला स्थिर आकार मीटर फिरला नाही तरी येतोच. सरकारी आदेशाने किंवा पुराने ती बंद झाली असेल आणि तुम्हाला पुन्हा तिथेच जायचं असेल, तर मदत करावी असं मला मनापासून वाटतं. पण मदतीलाही रीत हवी. दर महिन्याला देण्याची रक्कम ठरवा, समजा निम्मी फी. किती महिने देणार तेही आधीच ठरवा, मी तीन महिन्यांच्या पुढे जाऊ नका म्हणेन. आणि हे पैसे पुढच्या फीत वळते होणार की नुसती मदत आहे, ते एका मेसेजमध्ये स्पष्ट करून घ्या. आगाऊ म्हणून द्यायचे आणि नंतर ‘ते तर तुम्ही मदत म्हणून दिले होते’ असं ऐकायचं, यात ओळख आणि पैसे दोन्ही जातात.

मोठ्या साखळीच्या जिमला मात्र असं करण्याचं कारण मला दिसत नाही. ट्रेनरची काळजी वाटते ना? कंपनीला दिलेली फी त्याच्या पगारापर्यंत पोहोचेलच असं नाही. त्याच्याकडून थेट ऑनलाइन किंवा बागेत सेशन घ्या आणि त्याचे पैसे त्याच्या हातात द्या.

पायरी ७ : ऐकतच नसतील तर

सात दिवसांत उत्तर नाही, किंवा टोलवाटोलवी सुरू झाली, की हा क्रम धरा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर सकाळी ८ ते रात्री ८ फोन करता येतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. त्यांच्या अॅपवरही तक्रार नोंदवता येते. ही न्यायालयीन यंत्रणा नाही, ते कंपनीकडे तक्रार पाठवून पाठपुरावा करतात. म्हणून मोठ्या ब्रँडच्या बाबतीत चांगला उपयोग होतो. गल्लीतल्या जिमवर फारसा दबाव येत नाही, तरीही नोंद करा, तो क्रमांक पुढे कामाला येतो.

मग लेखी नोटीस. वकिलाची गरज नाही. तुमचा हिशेब, मागणी आणि १५ दिवसांची मुदत लिहून स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. तुम्ही दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, म्हणजे जिमच्या जवळजवळ सगळ्याच तक्रारी विनाशुल्क. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, जिमचं मुख्यालय गुरुग्रामला असो की बंगळुरूला. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायला हवी. स्वतः बाजू मांडता येते. कायद्यात साधारण तीन महिन्यांत निकाल देण्याची अपेक्षा आहे, प्रत्यक्षात बराच जास्त वेळ लागतो, हे मनात धरूनच पाऊल टाका. अनेक वेळा नोटीस पोहोचल्यावरच जिम तडजोडीला येते.

एकाच जिमचे बरेच सभासद अडकले असतील तर समान तक्रार म्हणून आयोगाच्या परवानगीने एकत्र दाखल करता येते. ग्रुपवर रोज शिव्या घालण्यापेक्षा दोघा-तिघांनी बसून सगळ्यांच्या पावत्यांचा एक तक्ता करा : नाव, भरलेली रक्कम, तारीख, उरलेले महिने. मसुदा करायला अडत असेल तर १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मार्गदर्शन करतात.

बंद करायचं ठरलेलं असूनही आदल्या दिवसापर्यंत वर्षाच्या फी घेतल्या, असं दिसत असेल तर ती फसवणूक आहे. पोलिसांत लेखी अर्ज द्या. ‘हा दिवाणी मामला आहे’ असं ऐकायला मिळेल, तरी अर्जाची पोच घेऊनच या. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली असेल तर ग्राहक आयोगातलं प्रकरण थांबतं. तिथे नेमलेल्या अधिकाऱ्याकडे मुदतीत दावा दाखल करावा लागतो, आणि खरं सांगायचं तर हाती फार कमी लागतं. अशी बातमी आली तर चार्जबॅकचा मार्ग त्याच दिवशी धरा.

पायरी ८ : पुन्हा उघडल्यावर

पहिल्या दिवशी घाईने ट्रेडमिलवर चढू नका, काउंटरवर थांबा. सिस्टिममधली मुदत संपण्याची नवी तारीख बघून तिचा फोटो घ्या. अंगठ्याचं मशीन तुमची नोंद घेतंय का पाहा. तुमची बॅच, वेळ, लॉकर, ट्रेनर तेच आहेत की बदललेत ते विचारा. बायकांची वेगळी बॅच बंद केल्याचं अनेकदा याच वेळी कळतं, आणि ती कबूल केली म्हणूनच आपण फी भरलेली असते. ते कारण परतावा मागायला पुरेसं आहे, तिथल्या तिथे लिहून द्या.

थांबवलेलं ऑटोपे लगेच सुरू करू नका. वाढवून मिळालेले दिवस संपेपर्यंत काहीच देणं लागत नाही. जुनं मॅन्डेट रद्द झालं असेल तर नवं करताना रक्कम आणि शेवटची तारीख स्वतः तपासा. काही ठिकाणी खूप मोठी कमाल मर्यादा आणि कित्येक वर्षं पुढची तारीख टाकून ठेवतात.

‘पुन्हा सुरू करतोय, फक्त एक सही करा’ म्हणून नवा फॉर्म पुढे आला तर तो घरी नेऊन वाचा. त्यात जिम कोणत्याही कारणाने बंद राहिल्यास मुदतवाढ किंवा परतावा मिळणार नाही असं कलम असेल, तर त्यावर रेघ मारा, शेजारी सही करा आणि त्या पानाचा फोटो काढूनच फॉर्म परत द्या. रेघ मारलेला फॉर्म घेणार नाही म्हणाले, तर तुमच्या जुन्या फॉर्मची मुदत अजून चालू आहे, नव्यावर सही करण्याची तुम्हाला गरज नाही.